पायातले पाचू

दरबारांच्या आश्रयाने महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या घराण्यांत वैभवाच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. बडोद्याच्या घरांत सोन्याच्या तोफा आणि मोत्यांची चादर, ग्वाल्हेरच्या घरांत मेजवानीच्या टेबलावरून पाहुण्यांसमोर फिरणारी चांदीची आगगाडी, इंदूरच्या घरांत होळकरांचे जोडहिरे! यांपैकी एकही वस्तू आमच्या वाडवडिलांच्या मालकीची नव्हती. तरीही दरबारची श्रीमंती हीच आपली पत, असे त्यांना वाटे आणि थोड्याफार फरकाने आम्हांलाही अजून वाटते. परंतु हे वैभव देशाची वेस ओलांडून गेले तेव्हा तिथल्या लोकांनी ते कोणत्या दृष्टीने पाहिले, आणि त्याच काळात परदेशी गेलेल्या आपल्या माणसांना तिथे स्वतःची किंमत काय आढळली, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. तो या लेखात करावयाचा आहे. विषय जुना असला तरी ज्यांची मुले-नातवंडे आज परदेशी आहेत अशा आपल्या घरांना तो परका नाही.

आरंभ एका दागिन्यापासून करू. बडोद्याच्या जामदारखान्यात पाचू आणि हिरे जडविलेले पायातले दागिने होते. प्रतापसिंहराव गायकवाडांच्या द्वितीय पत्नी सीतादेवी यांनी युरोपात वास्तव्य असताना ते १९५३ मध्ये न्यूयॉर्कचे प्रसिद्ध जवाहीर हॅरी विन्स्टन यांना विकले. विन्स्टन यांनी त्यांतील रत्ने काढून त्यांचा गळ्यातला हार घडविला आणि १९५६ मध्ये तो डचेस ऑफ विंडसर यांनी विकत घेतला. पुढल्या वर्षी न्यूयॉर्कमधील एका समारंभात डचेस तो हार घालून आल्या. लोक हाराची वाखाणणी करीत असता सीतादेवी सहज म्हणाल्या की, ही रत्ने माझ्या पायांतही अशीच शोभत असत. डचेस संतापल्या आणि त्यांनी तो हार जवाहिरांकडे परत धाडला, असे सांगतात.

ही हकीकत वृत्तपत्रांनी गमतीचा किस्सा म्हणून छापली. आपल्या वाचकांना मात्र तिच्यातला खोच चटकन उमगेल. आपल्याकडे सोने म्हणजे लक्ष्मी. ते कमरेखाली घालू नये, पायात तर घालूच नये, असा साध्या घरांचा दंडक आहे. पायात चांदी, गळ्यात सोने. राजघराण्यातील स्त्रीच्या पायात सोने व रत्ने असतात, ती केवळ श्रीमंती म्हणून नव्हे. हा दंडक तिला लागू नाही, हे त्यातून सांगावयाचे असते. न्यूयॉर्कच्या त्या दालनात ही खूण वाचू शकणारी बहुधा एकच व्यक्ती होती. बाकीच्यांना दिसला तो उंची हार. रत्ने तीच, परंतु ती पायातून गळ्यात आली तेव्हा त्यांचा अर्थ मागे बडोद्यातच राहिला. आणि पायातली वस्तू गळ्यात घातली गेली हे कळताच दुसऱ्या बाजूचा मान दुखावला. वैभव आपण होऊन काही बोलत नाही. पाहणाऱ्याच्या अंगी जी भाषा असेल तिच्यातच ते वाचले जाते. या लेखातील पुढच्या सर्व प्रसंगांच्या मुळाशी ही एकच गोष्ट आहे.

पुण्याचे वकील आणि सोन्याचे प्रायश्चित्त

मराठी माणसाच्या विलायतप्रवासाची कथा पेशवाईतच सुरू होते. रघुनाथराव पेशव्यांनी आपली बाजू इंग्लंडच्या राजासमोर मांडण्यासाठी हणमंतराव नावाचे ब्राह्मण वकील आणि मणियार हे पारशी पितापुत्र यांस लंडनला पाठविले. ही मंडळी १७८१ मध्ये तिथे होती. पुण्यात ज्यांच्या शब्दास वजन, त्यांना लंडनमध्ये राहण्याजेवण्याची धड सोय मिळेना. ज्यांच्याशी भाषा जुळत नाही, जे कोणाच्या पंक्तीस बसत नाहीत आणि आपले अन्न आपणच शिजवू पाहतात, अशा पाहुण्यांचे काय करावे हे लंडनकरांस कळत नव्हते. शेवटी पार्लमेंटचे सभासद एडमंड बर्क यांनी त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले आणि त्यांच्या धर्माप्रमाणे स्वयंपाक व आन्हिक करता यावे म्हणून बागेतील काचघर त्यांच्या हवाली केले. ज्या जागी हिवाळ्यात नाजूक रोपे जपून ठेवावयाची, तिथे पेशव्यांच्या वकिलाची चूल पेटली.

बर्क यांना या पाहुण्यांत हास्यास्पद असे काही दिसले नाही. आपल्या देशाने परक्या मुलखाच्या वकिलास नीट वागविले नाही, याची त्यांना खंत वाटली आणि त्यांनी रघुनाथरावांस तसे पत्रही लिहिले. पुढे वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोगात हिंदुस्थानच्या बाजूने जो आवाज त्यांनी उठविला, त्यामागे या काचघरातील दिवसांचाही वाटा असावा, असे मानावयास जागा आहे.

परंतु कथा लंडनमध्ये संपत नाही. समुद्र ओलांडून परतलेल्या वकिलांना स्वजातीत घेण्यासाठी सोन्याची योनी घडवून तिच्यातून त्यांना पुनर्जन्म घ्यावा लागला आणि ते सोने पुढे ब्राह्मणांना दान देण्यात आले, असे अठराव्या शतकाच्या अखेरीस एका इंग्रज लेखकाने नोंदविले आहे. परदेशात गेलेली प्रतिष्ठा एका परक्या माणसाच्या सौजन्याने अंशतः सावरली गेली. घरी गेलेली प्रतिष्ठा मात्र सोने मोजूनच परत मिळाली. विलायतेत त्यांना कोणी ओळखत नव्हते, म्हणून त्यांची अडचण झाली. घरी सर्व जण ओळखत होते, आणि तिथेही अडचणच झाली!

हे भय पुढे सव्वाशे वर्षे टिकले. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी १९०२ मध्ये जयपूरचे महाराज माधोसिंह निघाले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या व विलायतेतल्या वापरासाठी गंगाजल भरून अजस्र चांदीचे कलश सोबत घेतले. एकेका कलशाचे वजन ३४५ किलोच्या घरात आहे. जयपूरच्या राजवाड्यात ते आजही पाहावयास मिळतात. लंडनकरांना त्यांत पूर्वेकडील राजाची चैन दिसली. महाराजांच्या लेखी ते सोवळे होते. चांदी तीच, पण एकाला तमाशा वाटला आणि दुसऱ्याला धर्म.

रोझेलमधील मावशी

आता एका मध्यमवर्गीय घराकडे वळू. कल्याणच्या जोशी कुटुंबातील आनंदीबाई १८८३ मध्ये वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या. प्रवासखर्चासाठी सोन्याच्या बांगड्या विकाव्या लागल्या. आपल्याकडे सोने हे स्त्रीचे धन आणि तिच्या घराची लौकिकातली पत. ती हातांतून उतरवून अठरा वर्षांची ही मुलगी ७ एप्रिलला कलकत्त्याहून जहाजात बसली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. न्यू जर्सीतील रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तिला घरात घेतले. या बाईंनी दंतवैद्याकडे बसलेल्या असताना एका मिशनरी मासिकात गोपाळराव जोशांचा पत्रव्यवहार वाचला होता आणि त्यावरून त्यांनी आपण होऊन पत्र धाडले होते. ओळख एवढीच! आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात आनंदीबाईंनी मांसाहार स्वीकारला नाही आणि लुगडेही सोडले नाही. फक्त नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात हे तिथल्या थंडीत आणि तिथल्या शिष्टाचारात बसेना, तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. बडोद्याच्या वाचकांस या तडजोडीची गंमत वाटेल, कारण ती आपल्या कित्येक आज्या-पणज्यांनी कोणताही समुद्र न ओलांडता केली आहे. १८८५ मधील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबुली या तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात बसलेल्या दिसतात. छायाचित्र घेणाऱ्याला त्या वेषांचेच अप्रूप असावे. त्या तिघी मात्र डॉक्टर होण्यासाठी आल्या होत्या, झाल्याही.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. पुढल्या वर्षी २६ फेब्रुवारीला पुण्यात आनंदीबाईंचे क्षयाने निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. त्या दगडावर, शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा आशयाची नोंद आहे. आम्हांला ही नोंद विचार करावयास लावते. ज्या जातीने समुद्रपर्यटनास आडकाठी केली, तीच जात अमेरिकेतील दगडावर गौरवाची ओळख म्हणून कोरली गेली. घरची खूण परदेशात गेली खरी, पण तिथे तिचा अर्थ पालटला होता.

रमाबाई ज्या समारंभासाठी गेल्या, तो आटोपल्यावरही पावणेतीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. त्या प्रवासावर ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा त्यांचा ग्रंथ १८८९ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. परदेशाची श्रीमंती मराठीत कशी पाहावी याचा हा उत्तम वस्तुपाठ आहे. राजे नसलेल्या देशाचा कारभार कसा चालतो, स्त्रियांच्या संस्था वर्गणी कशी जमवितात, शाळा कोण चालवितो, इकडे त्यांचे लक्ष अधिक. ज्या देशाने आपला एवढा आदर केला, तोच देश आपल्या कृष्णवर्णीयांना आणि मूळच्या रहिवाशांना कसे वागवितो, हे लिहावयास त्या कचरल्या नाहीत. पाहुण्यास पुढे केलेली खुर्ची आणि घरच्या नोकरास नाकारलेली खुर्ची या दोन्ही त्यांनी पाहिल्या.

रमाबाईंनी परत येताना काय आणले? बॉस्टनमध्ये १८८७ च्या डिसेंबरात त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरविले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढे पुण्यात त्यावरून केवढे वादळ उठले, हे सर्वश्रुत आहे. मतभेद बाजूला ठेवूनही एक गोष्ट मान्य करावी लागते. रमाबाईंना अमेरिकेत ना घराणे होते, ना दागिना, ना दरबार. विधवा स्त्री म्हणून स्वदेशात जे स्थान सर्वांत खालचे, तेच त्यांच्या तिथल्या बोलण्याचा आधार ठरले.

दरबारातील मोकळे हात

सयाजीराव महाराज प्रथम १८८७ मध्ये युरोपास गेले आणि त्यानंतर जन्मभर जात राहिले. त्यांच्या आधीच्या पिढीने श्रीमंतीची जी भाषा बोलली ती रत्नांची होती. खंडेराव महाराजांनी विकत घेतलेला ‘स्टार ऑफ द साउथ’ हा हिरा १८५३ मध्ये ब्राझीलमध्ये एका गुलाम स्त्रीस सापडला होता. मोत्यांची चादर त्यांनी मदिनेस अर्पण करण्यासाठी करविली, असे परंपरेने सांगतात. ती बडोद्यातच राहिली, पुढे देशाबाहेर गेली आणि २००९ मध्ये दोहा येथील लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरांना विकली गेली.

इंग्रज सरकारने या वैभवाला आपल्या हिशेबात बसविले होते. बडोद्यास एकवीस तोफा, इंदुरास एकोणीस, अशी संस्थानांची पत तोफांच्या बारांनी मोजली जाई. संस्थानिकाने दागिन्यांनी मढून यावे, ही राजभक्तीची खूण मानली जाई. अंगावरचे हिरे संस्थानिकाचे, पण ते कोणाच्या दिमाखासाठी झळकावयाचे हे ठरविणारे दुसरेच.

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात निजामानंतर सयाजीराव महाराजांची पाळी आली. पांढरा साधा पोषाख, अंगावर रत्ने नाहीत, हातात काठी. ते पंचम जॉर्जसमोर गेले, एकदाच लवून नमस्कार केला आणि ठरल्याप्रमाणे पाठ न दाखविता मागे सरण्याऐवजी वळून चालू लागले. इंग्रजी पत्रांनी कल्लोळ केला. त्या समारंभाचे चित्रण विलायतेतील चित्रपटगृहांत दाखविले गेले. महाराजांना दिलगिरीचे पत्र द्यावे लागले आणि ते लंडनच्या पत्रांत छापून आले. हा हेतुपुरस्सर अवमान होता की गोंधळात घडलेली चूक, यावर आजही दोन मते आहेत. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. ज्या राजाचे अलंकार हा युरोपात कुतूहलाचा विषय, त्याने ते न घालणे हा गुन्हा ठरला. श्रीमंती दाखविणे ही चैन नव्हती, ती चाकरी होती. आणि ती चाकरी चुकली तेव्हाच सर्वांच्या लक्षात आली.

याच महाराजांनी परदेशातून घरी काय आणले, हे पाहिले म्हणजे दुसरी बाजू उजेडात येते. १९०६ मध्ये आणि पुन्हा १९१० मध्ये ते अमेरिकेस गेले. तिथल्या गगनचुंबी इमारतींपेक्षा त्यांचे मन वाचनालयांत रमले. कोणताही मनुष्य, मग तो गवंडी असो की वकील, आत येऊन पुस्तक मागू शकतो आणि त्यासाठी त्यास पैसा मोजावा लागत नाही, हे त्यांना खऱ्या संपन्नतेचे लक्षण वाटले असले पाहिजे. कनेक्टिकटचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना त्यांनी १९१० मध्ये बडोद्यास आणले. महाराजांच्या खासगी ग्रंथसंग्रहातून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, गावोगाव वाचनालये निघाली, ग्रंथांच्या पेट्या खेड्यांत फिरू लागल्या. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघे. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू झाले आणि १९०६ मध्ये सर्व राज्यभर लागू झाले. चिमणाबाई महाराणींनीही या प्रवासांत डोळे उघडे ठेवले. हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी सहलेखकासह लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९११ मध्ये, म्हणजे दरबाराच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या.

इंदूरच्या वाचकांना येथे यशवंतराव होळकरांची आठवण होईल. बर्नार्ड बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने त्यांची दोन मोठी चित्रे काढली. १९२९ च्या चित्रात ते पाश्चात्त्य पद्धतीच्या काळ्या पोषाखात आहेत. काही वर्षांनंतरच्या चित्रात मराठी दरबारी वेष आहे आणि गळ्यात वडील तुकोजीरावांनी १९१३ मध्ये पॅरिसला घेतलेले ते प्रसिद्ध जोडहिरे आहेत. माणूस एकच, चित्रकारही एकच. पॅरिसच्या कलावंतांत वावरणारा रसिक तरुण आणि होळकरांच्या गादीचा धनी ही दोन्ही रूपे खरीच होती. परंतु दोन्ही एका चित्रात मावत नव्हती. माणिकबागेसाठी करविलेले अभिनव फर्निचर १९८० मध्ये मोनॅको येथे लिलावात निघाले आणि त्या वास्तूत केंद्र सरकारच्या करखात्याची कचेरी आली. मागे राहिलेल्या गोष्टींचा हिशेब करू लागलो, तर हिऱ्यांपेक्षा ग्रंथांच्या पेट्या जास्त टिकल्या असे आम्हांस दिसते.

कमाटीबागेतील पाच तास

येथे लेख संपविला असता तर आपल्या सर्वांना बरे वाटले असते. आपले महाराज द्रष्टे होते, त्यांनी परदेशातून वाचनालये आणली आणि आपण त्या राज्याचे रहिवासी! परंतु ज्या सयाजीरावांनी ग्रंथ आणविले, त्यांनीच एक विद्यार्थीही परदेशी पाठविला होता. त्याची हकीकत सांगितल्यावाचून या विषयाला न्याय मिळणार नाही.

१९१३ मध्ये बडोदे सरकारने भीमराव आंबेडकर या तरुणास दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले, पुढे लंडनला गेले. पौंडांचा हा आकडा मोठा नव्हता. एखाद्या सरदाराचा विलायतेतील आठवड्याचा खर्च याहून अधिक असेल. पण परदेशातल्या त्या चार वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले. अमेरिका त्या काळी समतेचे माहेरघर नव्हती. कृष्णवर्णीयांची तिथली स्थिती रमाबाईंनी आधीच पाहिली होती, आणि १९२३ मध्ये तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या प्रकरणात हिंदी माणसास गोरा न मानता नागरिकत्व नाकारले. तरीही तिथल्या वाचनालयात पुस्तक मागताना कोणी त्यांना जात विचारीत नव्हते.

१९१७ मध्ये करारानुसार नोकरी करण्यासाठी ते बडोद्यास आले. गाडीतून उतरल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला तो राहावयाचे कोठे, हा. हिंदू खाणावळीत जागा मिळणे शक्य नव्हते. एका पारशी उतारशाळेत, पारशी नाव नोंदवून, दिवसाला दीड रुपया देऊन त्यांनी मुक्काम केला. वरच्या मजल्यावर अडगळ भरलेली, विजेचा दिवा नाही, सोबतीला दुसरा पाहुणा नाही. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली दहाबारा पारशी माणसे जिन्यावर आली आणि त्यांनी जाब विचारला. एका हिंदू मित्राकडे गेल्यावर त्याने सांगितले की, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. एका ख्रिस्ती मित्राच्या घरीही सोय झाली नाही. सरकारी बंगल्यासाठी केलेली विनंती दिवाणांच्या कचेरीत होती. मुंबईची गाडी रात्री होती. मधले पाच तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले.

आमच्या पिढीला कमाटीबाग ठाऊक आहे ती लहानपणच्या फिरण्याची, बँडस्टँडची, संग्रहालयाची. तिथल्या त्या पाच तासांविषयी मात्र आमच्या घरांत कधी कोणी बोलल्याचे आठवत नाही. सोन्याच्या तोफेचे वजन तोंडपाठ असलेल्या आजोबांनाही ती गोष्ट सांगण्याजोगी वाटली नसावी. दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात महाराष्ट्रीयांचे वाडे त्या काळी काही थोडे नव्हते. कोणी एका माणसाने दार लावले असे आम्ही म्हणत नाही. आंबेडकरांनी त्या वाड्यांची दारे ठोठावली असेही नाही. पण यांपैकी एखादे दार आपल्यासाठी उघडेल, असे त्यांना वाटावे, एवढेसुद्धा वातावरण आपल्या पूर्वजांनी निर्माण केले नव्हते. न्यूयॉर्कला शिकविण्याइतकी श्रीमंती राज्यापाशी होती. भाड्याने एक खोली देण्याइतकी श्रीमंती शहरापाशी नव्हती.

आज ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि २३ सप्टेंबरला तिथे दूरदुरून लोक येतात. वाड्यांतील कुटुंबांपैकी किती जण कधी जाऊन आले, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःलाच विचारला आहे.

मागे वळून पाहिले म्हणजे या सर्व प्रसंगांतून एक सूत्र दिसते. परदेशात गेलेला मनुष्य घरची मापे घेऊनच निघतो. सोने, कुळ, सोवळे, तोफांचे बार. तिथे ती मापे चालत नाहीत, तेव्हा कोणाचा अपमान होतो, कोणाची सुटका होते. पाचूंची किंमत पायातून गळ्यात जाताना बदलते, वकिलाला काचघरात आसरा घ्यावा लागतो, विधवेला व्यासपीठ मिळते, अस्पृश्याला वाचनालयात खुर्ची मिळते. ज्याचा मान घरी मोठा, त्याला परदेश बहुधा लहान करतो. ज्याला घरी मानच नव्हता, त्याला तो प्रथमच माणसाएवढा करतो. म्हणूनच परदेशाविषयीचे एकाच काळातले दोन मराठी अनुभव एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्यांपैकी कोणताही खोटा नसतो.

आनंदीबाई ज्या न्यू जर्सीत मावशीच्या घरी उतरल्या, तिथे आज मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. आपल्याही काही घरांतील मुले तिथे आहेत. ती सुट्टीत येतात तेव्हा आपण पगार, घर, मोटार यांची चौकशी करतो आणि शेजाऱ्यांस सांगतो. त्यात वावगे काही नाही. परदेशी गेलेल्या मुलाचा अभिमान कोणास नसतो? परंतु तिथे तुझ्या शेजारी कोण राहते, तुला खोली भाड्याने देताना कोणी काय विचारले, आणि आपल्या वाड्यातली रिकामी खोली भाड्याने देताना आपण काय विचारतो, हेही एकदा विचारावयास हवे. मोत्यांची चादर गेली, पाचू गेले, माणिकबागेतले सामान गेले. त्या वैभवावर आपला हक्क कधी नव्हताच. दाराची कडी मात्र तेव्हाही आपल्याच हातात होती आणि आजही आहे.